आपल्या फाईलची किंमत किती?

‘‘फाईल मिळेल, पण अडीच हजार रुपये भरावे लागतील,’’ काउंटरवरची मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

माझ्या धाकट्या जावेने माझ्याकडे पाहिलं. तिच्या पर्समध्ये एसटीच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे आणि वर दोन-तीनशे रुपये असतील. अडीच हजार आणायचे कुठून? आणि मुळात द्यायचे तरी कशाचे?

‘‘कशाचे गं अडीच हजार?’’ मी विचारलं.

‘‘फाईल चार्ज.’’

‘‘पावती मिळेल?’’

‘‘पावती नाही मिळत त्याची.’’

आम्ही दोघी बाहेर येऊन बाकावर बसलो. जाऊ म्हणाली, ‘‘जाऊ द्या ना ताई. नको ती फाईल. परत तपासण्या करू.’’ मैत्रिणींनो, हे ‘जाऊ द्या’ आपल्या तोंडी किती पटकन येतं! त्या दिवशी माझ्याही आलं होतं. पण त्या फाईलवाचून तिचं काय अडलं होतं ते आधी सांगते.

अडीच वर्षांपूर्वी जावेचं पिशवीचं ऑपरेशन झालं. अंगावरून खूप जायचं, रक्त कमी झालं होतं, सोनोग्राफीत गाठी दिसल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी हॉस्पिटलात पाच दिवस ठेवलं. घरी येताना एक डिस्चार्ज कार्ड मिळालं. त्यावर इंग्रजीत ऑपरेशनचं नाव, खाली गोळ्या आणि टाके काढायची तारीख. बस्स! बरी झाली, कामाला लागली, आपण सगळ्याच लागतो तशी.

यंदा तिच्या ओटीपोटात डाव्या बाजूला दुखायला लागलं. आमच्या गावातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, तर पाण्याची गाठ दिसली. त्यांनी साधे प्रश्न विचारले. ऑपरेशनच्या वेळी फक्त गर्भाशय काढलं होतं, की अंडाशयंही काढली? दोन्ही काढली की एकच? आणि काढलेल्या पिशवीचा तुकडा तपासायला पाठवला होता ना, त्याचा रिपोर्ट काय आला?

जाऊ गप्प. भाऊजी गप्प. पिशवी काढली, एवढंच आम्हाला ठाऊक! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘जुनी फाईल आणा. ती मिळाली तर नेमकं कळेल. नाहीतर मोठ्या तपासण्या कराव्या लागतील, खर्चही वाढेल.’’ म्हणून आम्ही त्या काउंटरपाशी उभ्या होतो.

कायदा काय म्हणतो?

घरी आल्यावर ओळखीच्या एका वकीलबाईंना फोन केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘अहो, ती फाईल द्यायलाच लागते. तुम्ही तोंडी मागितलीत, तिथे चुकलात.’’ त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी स्वतः वाचून खात्री करून घेतली, ते तुमच्यासाठी सोप्या भाषेत मांडते.

डॉक्टरांनी कसं वागावं याचे नियम भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केले. त्यात लिहिलंय की, दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचे. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली, की अर्जाची पोच द्यायची आणि ७२ तासांच्या आत कागद द्यायचे. असं न करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन मानलं जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये याऐवजी नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित करून पुन्हा २००२ चेच नियम लागू केले गेले.

त्याही आधी, १९९६ साली, आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एक निकाल दिला होता. रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केस पेपरच्या प्रती मागितल्या तर हॉस्पिटलने आणि डॉक्टरांनी त्या दिल्या पाहिजेत, आणि तशा सूचना महाराष्ट्र वैद्यक परिषदेने राज्यातल्या सगळ्या डॉक्टरांना द्याव्यात, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे हा हक्क काही कालपरवाचा नाही. आपल्यापर्यंत तो पोचला नाही, एवढंच.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तीत आणखी स्पष्ट लिहिलंय. रुग्ण दाखल असताना कागद मागितले तर शक्यतो २४ तासांत आणि घरी गेल्यावर मागितले तर ७२ तासांत मिळावेत. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनी खासगी हॉस्पिटलांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. पुढच्या वेळी हॉस्पिटलात गेलात, की गणपतीच्या फोटोशेजारी ती लावलेली आहे का, जरा बघा!

मग पैसे किती द्यायचे?

आता मुद्द्याचं बोलू. प्रती फुकट मिळाल्याच पाहिजेत, असं आहे का? नाही. उच्च न्यायालयाच्या त्याच निकालात म्हटलंय की, प्रती देण्यासाठी येणारा आवश्यक खर्च हॉस्पिटल मागू शकतं. सनदेतही झेरॉक्सचा योग्य खर्च घ्यावा किंवा रुग्णाला स्वतःच्या खर्चाने झेरॉक्स काढू द्यावी, असं आहे. पानाला अमुक रुपये, असा दर २००२ च्या नियमांत दिलेला नाही. नेमक्या याच फटीतून ‘फाईल चार्ज’ आत शिरतो.

पण ‘आवश्यक खर्च’ या शब्दांतच सगळं आलं. कागद, शाई, फाईल शोधणाऱ्या माणसाचा थोडा वेळ. एवढाच काय तो खर्च. ऑपरेशनचे पैसे आपण आधीच भरलेले असतात. तपासण्यांचे भरलेले असतात. त्याच माहितीचे दुसऱ्यांदा पैसे कसले?

तुलनेसाठी एक माप हाताशी ठेवा. सरकारी कार्यालयातून माहिती अधिकारात कागद मागितला, तर अर्जाला १० रुपये आणि साध्या आकाराच्या एका पानाला २ रुपये पडतात. खासगी हॉस्पिटलला हा दर लागू नाही, हे खरं. पण सरकार पानाला दोन रुपयांत प्रत देतं, तर साठ पानांचे अडीच हजार कसे होतात, हे विचारायला काहीच हरकत नाही. सीडी, एक्स-रेची फिल्म पुन्हा काढून द्यायची असेल तर खर्च थोडा जास्त येणार, तेही समजून घ्यावं.

तेव्हा मैत्रिणींनो, वाजवी पैसे मागितले तर कुरकुर न करता द्या, पण पावती घ्या. पावती मागितली की आकडा आपोआप खाली येतो, हा माझा अनुभव.

अर्ज असा लिहिला

वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही मराठीतच अर्ज लिहिला. मोठी भाषा नाही, धमकी नाही. वर हॉस्पिटलचं नाव, तारीख. मग मजकूर असा :

‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या हॉस्पिटलमध्ये दाखल होते. माझा नोंदणी क्रमांक अमुक. पुढील उपचारांसाठी मला माझ्या सर्व कागदांच्या प्रती हव्या आहेत : दाखल होतानाचा केस पेपर, रोजच्या तपासणीच्या नोंदी, ऑपरेशनची आणि भुलेची नोंद, संमतीपत्र, नर्सच्या नोंदी, रक्त-लघवी, सोनोग्राफी व तुकड्याच्या तपासणीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि बिल. नियमाप्रमाणे ७२ तासांत प्रती मिळाव्यात. झेरॉक्सचा योग्य खर्च पावती घेऊन भरण्यास मी तयार आहे.’

खाली जावेची सही. सोबत आधार कार्डाची आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. अर्जाच्या दोन प्रती. एक त्यांना द्यायची, दुसरीवर सही-शिक्का आणि तारीख घ्यायची. हीच ती पोच.

सोमवारी परत गेलो. ‘‘सर नाहीत, सर आल्यावर या,’’ असं उत्तर आलं. मी म्हटलं, ‘‘सर येईपर्यंत आम्ही बसतो. डबा आणलाय.’’ खरंच आणला होता! अर्ध्या तासाने आतून एक वयस्क गृहस्थ आले. अर्ज दोनदा वाचला. ‘‘काही तक्रार आहे का?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘नाही हो, पुढचा इलाज करायचाय.’’ त्यांनी शिक्का मारून दिला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. ५८ पानं, पानाला ५ रुपयांप्रमाणे २९० रुपये, रीतसर पावतीसह. अडीच हजारांचे २९० झाले, ते केवळ एका कागदावर लिहून मागितल्यामुळे.

त्या गृहस्थांनी जाता जाता जे म्हटलं तेही सांगायला हवं. ‘‘बाई, फाईल मागायला कुणी आलं की आम्हाला वाटतं, आता केस करणार.’’ त्यांचीही बाजू आहेच. छोट्या हॉस्पिटलात दोन-तीन माणसं सगळं सांभाळतात, जुने गठ्ठे माळ्यावर असतात. म्हणून आवाज चढवायचा नाही, कारण सांगायचं, पण अर्ज मागे घ्यायचा नाही.

फाईलमध्ये काय निघालं?

डॉक्टरीणबाईंनी ती ५८ पानं चाळली आणि पाच मिनिटांत दोन कागद वेगळे काढले. पहिला ऑपरेशनच्या नोंदीचा. उजवं अंडाशय काढलं होतं, डावं ठेवलं होतं. म्हणजे आताची पाण्याची गाठ त्या राहिलेल्या डाव्या अंडाशयावरची असणार. साधी दिसतेय, तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू, असं त्यांनी ठरवलं. मोठी तपासणी तूर्त टळली.

दुसरा कागद तुकड्याच्या तपासणीचा. त्यावरची तारीख जाऊ घरी आल्यानंतर नवव्या दिवसाची होती. गाठी साध्या, कॅन्सर नाही, असा रिपोर्ट. तो अडीच वर्षं त्या फाईलमध्ये तसाच पडून होता. त्यांनी बोलावून दिला नाही, आम्ही जाऊन विचारला नाही.

जाऊ एकदम म्हणाली, ‘‘म्हणजे मला तेव्हा तसलं काही नव्हतं ना, ताई?’’

मी तिच्याकडे बघतच राहिले. एका घरात, एका ओट्यापाशी आम्ही रोज स्वयंपाक करतो. अडीच वर्षं हा प्रश्न तिच्या मनात होता आणि तिने तो कुणालाच विचारला नव्हता. भाऊजींनाही नाही. त्या एका पानासाठी ती किती रात्री जागली असेल!

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. ऑपरेशन करून गाठ, पिशवी किंवा कुठलाही भाग काढला आणि तुकडा तपासायला पाठवला, तर त्याचा रिपोर्ट बहुधा आपण घरी आल्यावर येतो. टाके काढायला जाल तेव्हा तो मागून घ्या. आला नसेल तर कधी येणार ते विचारा.

हे फक्त आमच्याच घरातलं नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यातल्या किती जणींकडे आपल्या ऑपरेशनचे पूर्ण कागद असतील? काय काढलं, का काढलं, काय ठेवलं, हे उद्या कुणी डॉक्टरने विचारलं तर त्या काय दाखवतील?

सरकारी दवाखान्यात असाल तर

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात उपचार झाले असतील, तर आधी वैद्यकीय अधीक्षकांकडे साधा अर्ज द्या. तिथे दाद लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. दारिद्र्यरेषेखालचं प्रमाणपत्र असेल तर फी लागत नाही. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. मुदत उलटली तर पानांचे पैसेही आकारता येत नाहीत.

फाईल माझी, पण कुणी मागितली तर?

आणखी एक नाजूक गोष्ट. बाईची फाईल घरातलं कुणीही जाऊन आणू शकतं का? तिला दिवस राहत नाहीत, कधी गर्भपात झाला होता, कुठली औषधं चालू होती, हे सगळं त्या कागदांत असतं. रुग्णाची गुपितं जपणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. गर्भपाताच्या बाबतीत तर २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातच गुप्ततेचं कलम घातलं गेलं. तेव्हा तुम्हाला स्वतःला जाता येत नसेल, तर ज्याला पाठवताय त्याच्या नावाने सहीचं अधिकारपत्र द्या. आणि ‘माझ्या सहीशिवाय माझे कागद कुणाला देऊ नका’ असं हॉस्पिटलला सांगायला कचरू नका. नवरा-बायकोचं बिनसलं, की हेच कागद भांडणात ओढले जातात.

आणि हो, रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची घाई नको. आत्या-मावश्यांचं निदान डॉक्टरांच्या आधी सुरू होतं!

नाहीच दिली तर?

पोच घेऊन ७२ तास उलटले, तरी फाईल मिळाली नाही, तर अर्जाची प्रत लावून स्पीड पोस्टाने स्मरणपत्र पाठवा. त्यानंतरही गप्प बसले, तर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे, मोठ्या शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करता येते. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. पैसे भरून उपचार घेतले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. बिल ५ लाखांपर्यंतचं असेल, तर तिथे तक्रारीला फी नाही. घडलेल्या प्रकारापासून २ वर्षांत तक्रार करायची, हे विसरू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा.

‘बिल बाकी आहे, म्हणून फाईल नाही’ असंही ऐकवलं जातं. २००२ च्या नियमांत अशी कुठलीही अट नाही.

पण ३ वर्षांची मर्यादा मात्र ध्यानात घ्या. त्यानंतर हॉस्पिटलने कागद रद्दीत घातले तर बोलता येत नाही. जावेला अडीच वर्षं झाली होती. अजून सहा महिने ‘जाऊ द्या’ म्हणत बसलो असतो, तर बोंबलाच होता सगळा कारभार.

एक पिशवी स्वतःची

खरं तर फाईल मागायला जावंच लागू नये. डिस्चार्जच्या दिवशी, बिल भरतानाच, सगळ्या कागदांच्या प्रती मागा. तेव्हा फाईल समोरच असते, शोधायची नसते. ओपीडीचे कागद तर आपल्याच हाती दिलेले असतात. ३ वर्षं जपायचा नियम दाखल झालेल्या रुग्णांच्या कागदांचा आहे. त्यामुळे ही चिठ्ठी हरवली की डॉक्टरांकडे तिची नोंद सापडेलच असं नाही.

काय काय जपायचं? बाळंतपणाचे कागद, सिझर झालं असेल तर ते का झालं याची नोंद. दुसऱ्या खेपेला ती लागते. रक्तगट, आणि तो निगेटिव्ह असेल तर बाळंतपणात दिलेल्या इंजेक्शनची नोंद. कुठल्या औषधाचं अंगावर आलं होतं ते. ऑपरेशनची नोंद, तुकड्याचा रिपोर्ट. कॉपर-टी बसवली असेल तर तारीख. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आभा क्रमांक काढला असेल तर कागद तिथेही जोडता येतात. तरीही मूळ कागद फेकू नका.

परवा मी आमचं कपाट आवरायला काढलं. मुलांच्या गुणपत्रिका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, घराची कागदपत्रं लाल कापडात, ह्यांच्या विम्याच्या पावत्या तारखेवार लावलेल्या. माझा एकुलता एक रिपोर्ट सापडला तो साड्यांच्या खाली, घडी पडून अक्षरं पुसट झालेला. आम्ही दोघी जावांनी त्याच दिवशी बाजारातून दोन फोल्डर आणले, चाळीस रुपयांना एक. वर स्केचपेनने आपापलं नाव लिहिलं. जावेने त्यात पहिला कागद ठेवला, तो तुकड्याच्या तपासणीचा.

तुमचा फोल्डर कधी आणताय?